बावली मंजुळाबाई

पिंपळढवच्या शिवारात मोट हाकणारी बाई एकच होती, आणि गाव तिला बावळी म्हणायचं.

मोट हाकणं हे बाप्यामाणसाचं काम. बैल धावेच्या उतारावरून खाली न्यायचे, नाड्याच्या ताणलेल्या दोरावर आपण बसायचं, वर मोट थारोळ्याच्या दगडी कुंडीत भडाभडा रिती झाली की बैल मागल्या पावली परत वर सरकवायचे. बायांनी खाली वाफ्यात दारं धरायची, पाणी वळवायचं, एवढंच. पण मानमोडीच्या साथीत मंजुळाबाईचा नवरा उत्तरेश्वर तिसऱ्या दिवशी गेला, तेव्हा वांग्याला फुलं लागली होती. सुतक फिटायच्या आतच वांगी माना टाकायला लागली. गडी मिळेना. साथीत गडी होताच कुठं? पाचव्या दिवशी मंजुळाबाईनं कासोटा घट्ट खोचला, लाख्या आणि मोऱ्या जुंपले आणि नाड्यावर बसली. सुतकातली बाई मोट हाकती म्हणल्यावर गाव बांधावर गोळा झालं.

"येड लागलं गं बाईला," कुणीतरी म्हणलं.

"येड लागू द्या न्हाईतर खूळ लागू द्या," ती धावेवरूनच वरडली, "वांगी जगली पायजेत. आला असाल तर दारं धरा!"

दारं कुणी धरली नाहीत. पण त्या दिवसापासून नाव पडलं ते पडलं.

त्याला दहा वर्षं झाली. दहा वर्षांत मंजुळाबाईच्या तळहाताला नाड्याचे घट्टे पडले आणि आवाज असा फुटला की तिनं आपल्या बैलाला शिवी घातली तर शेजारच्या शिवारातला बैल थांबायचा. पहाटे भाजीचं टोपलं डोक्यावर घ्यायची आणि दिवस उगवायच्या आत परळीच्या बाजारात जाऊन बसायची. तिथं मोमीन गल्लीतल्या बीबींशी दखनीत भांडायची. "लेती क्या नै लेती? तेरे वास्ते दिनभर बैठूं क्या मैं?" बीबी हसायच्या आणि वांगी तिचीच घ्यायच्या, कारण तिच्या वांग्यात कीड निघत नसे.

घरात ती आणि सासू केशरबाई. केशरबाई डोळ्यानं अधू, पण जिभेनं धडधाकट. पोटाला पोर नव्हतं. होतं ते साडेतीन एकर काळं रान, त्यात सात पुरुष, म्हणजे सात माणसं एकावर एक उभी राहतील एवढी खोल हीर, आणि त्या हिरीला बारमाही झरा.

आता परळीपासून पिंपळढव अर्धा कोस. आजवर ते गावाच्या फायद्याचंच होतं. पण निजाम सरकारची आगगाडी परळीपर्यंत येणार असं ठरलं आणि हा अर्धा कोस आखडायला लागला. गाव जागच्या जागीच होतं, परळीच चालत येत होती. आधी खडीचे ढीग आले, मग लाकडाच्या थप्प्या, मग मजुरांची पालं. मग डोक्याला जरीची टोपी घातलेले आडते शेतातून असे फिरायला लागले की जणू पीक नाही, नुसती जागाच बघतायत. इथं वखार, तिथं धर्मशाळा, पलीकडं टेसनाचा रस्ता.

मंजुळाबाईचं रान नेमकं त्या रस्त्याच्या तोंडाशी. तिच्या रानाला लागून दिराचं रान, बद्रीनाथाचं. ते मुरमाड. एका आडत्यानं बद्रीनाथाला सांगितलं होतं, दोन्ही रानं मिळून देत असाल तर बोला, नुसता मुरूम मला नको. बद्रीनाथ तीनदा वहिनीकडं येऊन गेला. तिन्हीदा मंजुळाबाई वांगी खुरपत होती आणि तिन्हीदा तिनं मान वर केली नाही.

"वयनी, सोन्याचा घास हाय."

"सोनं चाववत न्हाई भावजी. वांगं चाववतं."

जमिनीचा कागद अजून सासऱ्याच्या नावावर होता आणि सासरा वर गेलेला. भावांची वाटणी तोंडी झालेली. म्हणजे कागदानं बघाल तर मंजुळाबाई कुणीच नव्हती. हे बद्रीनाथालाही ठावं होतं आणि तिलाही. पण रान कसत होती ती, आणि कसणाऱ्याला उठवायचं तर सरकारचा कागद लागणार होता.

बरं, त्यात मागल्या श्रावणात हिरीची उगवतीची बाजू ढासळली. दगड, माती, बांधीव सगळं आत. झरा बुजला. सहा महिने झाले, मोट खुंटीला लटकत होती आणि वांग्याच्या रानात हुलगे पेरावे लागले होते. हीर नीट झाली नाही तर रान कोरडं, आणि कोरडं रान टेसनाच्या पोटात जाणार, हे आंधळ्या केशरबाईलासुद्धा दिसत होतं.

अशातच मोमिनाबादच्या तहसिलातून हुकूम आला.

हुकूम उर्दूत. पिंपळढवात उर्दू येणारा माणूस एकच, बद्रीनाथ. तो मोमिनाबादच्या मदरशात दोन पावसाळे बसून आला होता. चावडीतले सगळे सरकारी कागद तोच वाचायचा, तोच लिहायचा. त्याची रीत अशी, की ज्या शब्दाचा अर्थ येत नसंल तो शब्द जरा मोठ्यानं वाचायचा. ऐकणाऱ्याला वाटायचं, ह्याला लईच येतंय.

हुकमात लिहिलं होतं की ज्या काश्तकाराची बावली पडली असेल तिची मरम्मत सरकार करेल, गावानं नावं लिहून पाठवावीत, रानं तपासणारे अंमलदार, गिरदावर साहेब, स्वतः येऊन बघतील. उर्दूत बावली म्हणजे हीर. काश्तकार म्हणजे शेतकरी, मरम्मत म्हणजे दुरुस्ती. तहसिलात हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण पिंपळढवात विहिरीला हीर म्हणतात, आणि मरम्मत म्हणतात पाठ सडकण्याला.

बद्रीनाथानं 'बावली' हा शब्द लई मोठ्यानं वाचला.

चावडीतली मंडळी एकमेकांकडं बघायला लागली.

"बावळी?" धोंडीराम म्हणाला. "सरकार बावळीची मरम्मत करणार?"

"सरकारचं डोकं हाय त्ये," बद्रीनाथ कागद घडी करत म्हणाला. "डोक्यानं पडलेल्या बायांचा बंदोबस्त. हैद्राबादला येड्यांचा दवाखाना हाय, आपल्याला काय म्हाईत?"

"पर हुकमात काश्तकार कावून म्हणलंय बे?"

"आरं, काश्तकाराच्या घरातली बावळी! शेताची नासाडी हुती म्हणून!"

आता कुणाला अर्थ येत नसला, तर ज्याला येतो असं वाटतं त्याचंच खरं. मंडळी हसली, तंबाखू मळली. आणि बद्रीनाथाच्या डोक्यात दिवा पेटला. सरकारनंच जर वहिनीला बावळी ठरवलं, तर तिच्या रानाचा कारभार कुणाकडं येणार? सख्ख्या दिराकडं. त्यानं तिथल्या तिथं दौत ओढली आणि नव्या कोऱ्या कागदावर सुबक अक्षरात लिहिलं, मौजे पिंपळढव, बावली एक, बावली मंजुळाबाई. खाली पाटलाचा शिक्का आणि स्वतःची सही.

गावात दुसऱ्या अकरा हिरी होत्या. त्यातल्या सहा मोडकळीला आलेल्या, भेगांतून पिंपळाची रोपं उगवलेली. त्यांचं नाव कुणी घेतलं नाही.

दवंडी पिटायला धुळाजी निघाला. चावडीत वाचलं गेलं तेव्हा निदान 'बावली' होतं, धुळाजीच्या तोंडातून बाहेर पडेस्तोवर त्याची धडधडीत 'बावळी' झाली. "ऐका हो ऐका! बेस्तरवारी गिरदावर साहेब येणार! बावळीची मरम्मत हुणार हो!" मंजुळाबाईच्या दारापुढं आल्यावर मात्र त्यानं हलगी बगलेत धरली आणि आवाज खाली घेतला.

"काकू, तुजं नाव गेलंय कागदावर. मी नुसता वरडणारा. माज्यावर राग धरू नगंस."

मंजुळाबाई तशीच उठून बद्रीनाथाच्या ओसरीला गेली.

"भावजी, माजं नाव कशापायी दिलं?"

"सरकारी काम हाय, वयनी. त्यात दीर-भावजय नसतं."

"मी बावळी का?"

"मी कोण म्हणणार? सगळं गाव म्हणतंय."

ती माघारी आली ती गप्पच. मंजुळाबाई गप्प म्हणल्यावर केशरबाई घाबरली.

"म्हायेराला जा गं चार दिस," ती म्हणाली. "साहेब आला न् गेला की ये."

"गेले तर रानात कोण हुबं ऱ्हाईल? साहेब म्हणंल, बावळी पळाली, रान मोकळं." मंजुळाबाई भिंतीला टेकून बसली. "आत्याबाय, शानी बाई दिसती तरी कशी?"

"जी गप बसती ती शानी."

"मंग माजं अवघड हाय."

म्हातारीला हसू आलं आणि तिच्या मागोमाग सुनेलाही. पण बेस्तरवारपर्यंतच्या तीन दिवसांत मंजुळाबाईनं ठरवलं ते हे: साहेब यायचा तर त्यानं आपल्याला घरात कोंडलेली बघायचं नाही, रानात बघायचं. तिनं हुलग्यातलं तण काढलं, बांध सारवल्यासारखे साफ केले, पडक्या हिरीच्या कडेचा कचरा लोटून काढला, मोटेला तेल चोळलं. बेस्तरवारी बैल धुतले, धुवट लुगडं नेसली आणि हिरीच्या कडेला जाऊन उभी राहिली. शहाण्या बाईचं रान कसं असतं ते तरी साहेबाला दिसू दे.

गिरदावर साहेब घोड्यावरून आला. उतरत्या वयाचा, दाढी मेंदीनं लाल केलेली, पायात मोजे. मागं पाटील, बद्रीनाथ आणि तमाशाला यावं तसं गाव. साहेबानं बद्रीनाथाचा कागद उघडला.

"हां, पिंपळढव. बावली एक. किदर है बावली?"

"ही काय साहेब, समोर हुबी हाय," बद्रीनाथ लगबगीनं म्हणाला आणि बोट केलं.

साहेबानं बोटाच्या दिशेनं बघितलं. मंजुळाबाई उभी होती आणि तिच्या पाठीमागं हिरीचं पडलेलं तोंड.

"अच्छा. कब गिरी?"

"नवरा मेला तवापासनं, साहेब. धा वर्सं झाली."

"दस साल? फिर अब तक खबर क्यूं नै किये?" साहेबानं भुवया वर केल्या. "गहरी कित्ती है?"

"लई गहिरी, साहेब! मनातलं कुणाला कळू देत न्हाई."

साहेबानं कागदावरून डोळे उचलले. ह्या तालुक्यातल्या लोकांच्या बोलण्याची त्याला सवय असावी, कारण त्यानं तसाच पुढचा प्रश्न टाकला. "पानी है क्या?"

"डोळ्याला टिपूस न्हाई. नवरा मेला तवाबी रडली न्हाई."

"मरम्मत किये तो टिकेगी?"

"आमी मागं एकदोनदा करून बघितली, साहेब. सुदरत न्हाई."

गाव तोंडाला पदर नि उपरणं लावून हसत होतं. मंजुळाबाईची कानशिलं तापली होती. तोंड उघडायचं नाही, असं ठरवून आली होती. तेवढ्यात साहेब तिला ओलांडून पुढं गेला, हिरीच्या कडेला वाकला, आत एक खडा टाकला आणि कान देऊन स्वतःशीच म्हणाला, "बावली तो उम्दा है. बांधा किस ने था?"

मंजुळाबाईच्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. मोमीन गल्लीतल्या बीबी रोज म्हणायच्या, ठैर गे, बावली पे जाको आती. ती रोज ऐकायची. बावली! हीर! साहेबाला बावळी नको होती, हीर हवी होती.

दुसरी कुणी असती तर तिथंच वरडून दिराची अब्रू घालवली असती. मंजुळाबाईनं जीभ दाताखाली धरली. ती आयुष्यात पहिल्यांदा आणि अगदी वेळेवर शहाण्यासारखी गप्प बसली, पण दोनच पळं. मग पदर सावरून साहेबापुढं गेली.

"मेरे सासरे ने बांधा साहेब. सात पुरुस खोल है. पिछले श्रावण में ये बाजू गिरी. पह्यले उन्हाळे में बी दो पुरुस पानी रहता था."

साहेबानं तिच्याकडं निरखून बघितलं. "ये तू बोलती है तो समज में आता है," तो म्हणाला. "ये आदमी क्या बोल रहा था?"

"उनको काम बहुत रहता साहेब."

साहेबानं कलम घेतली. "मालिक कौन? इस में तो मंजुळाबाई लिखा है."

इथं बद्रीनाथ पुढं घुसला. त्याला वाटलं, बावळी बोलायला लागली, आता साहेबाचं मन फिरणार. 'मालिक' त्याच्या कानावरच पडलं नाही, नाव तेवढं ऐकू आलं; ते पक्कं करून घ्यावं.

"मंजुळाबाईच, साहेब! दुसरं कुणाचंच न्हाई. पक्कं लिवा!"

"और किसी का हक-वक तो नै?"

"कुणाचा असणार? तिची तीच!"

"गवाह?"

"ह्यो काय, म्या सही करतो. पाटील अंगठा देतील. धोंडीराम, ये बे हिकडं!"

आणि बद्रीनाथानं सगळ्या गावादेखत, गिरदावर साहेबाच्या हातातल्या सरकारी कागदावर लफ्फेदार सही ठोकली. काबिज मंजुळाबाई, जौजे उत्तरेश्वर मयत; म्हणजे ताबा मयत उत्तरेश्वरच्या बायकोचा. हीर तिची, हिरीखालचं रान तिचं, कब्जा तिचा.

शाई वाळली तसा साहेब म्हणाला, "ठीक. चुना, सुरुंग की दारू और गवंडी सरकार देगी. अंदर का मलबा इसे निकालना पडेगा. होली के दूसरे दिन मैं टेसन के नकशेवालों के साथ आऊंगा. बावली में पानी दिखा तो जमीन बागायत लिखूंगा, नक्शे से बाहर. नै दिखा तो पडीक."

गाव हसायचं थांबलं होतं. बद्रीनाथाच्या हातात अजून कलम होती. "बावली..." तो म्हणाला, "बावली म्हंजी..."

"म्हंजी हीर, भावजी," मंजुळाबाई म्हणाली. "बाजारातल्या बीबीला इचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बद्रीनाथाच्या ओसरीवर माणसांची रांग लागली, पण हसायला नाही. धोंडीरामाच्या हिरीचा कठडा दोन वर्षं झुकलेला. तो पुढं होता.

"बद्र्या, माजी हीर कावून न्हाई लिवली बे?"

"मला काय ठावं!"

"तुला उर्दू येतं म्हणत हुतास नव्हं? दोन पावसाळे काय मदरशाच्या पन्हळाखाली बसला हुतास?"

तिथून सगळे मंजुळाबाईकडं आले. आले, पण बोलायचं कसं? दहा वर्षं जिला बावळी म्हणलं, तिच्यापुढं टोपी कुठल्या हातानं काढायची? शेवटी धोंडीरामच म्हणाला, "काकू, साहेबाला आमच्याबी हिरीचं सांगा की."

मंजुळाबाई मशेरी लावत होती. तिनं बोट तोंडातून काढायची घाई केली नाही.

"मी कशाला सांगू? तुमचं तुमी सांगा. साहेब होळीच्या दुसऱ्या दिसाला माज्या हिरीवर येनार. त्या टायमाला हिरीत जे उतरलेलं असंल ते साहेबाला दिसंल. चावडीत बसलेलं दिसत न्हाई."

मंडळींनी एकमेकांकडं बघितलं.

"म्हंजी मलबा आमी काढायचा?"

"मी म्हणले का तसं? माजी इर्जिक हाय उद्यापासनं. यायचं त्यानं यावं. झुणका-भाकरी पोटभर. कुणी न्हाई आलं तर मी न् लाख्या-मोऱ्या बगून घेऊ."

पिंपळढवात कुणी इर्जिक घातली, म्हणजे नुसत्या जेवणावर गावाला कामाला हाकारलं, आणि माणूस गेला नाही, असं झालं नव्हतं. पण बाईनं इर्जिक घातल्याचंही कधी झालं नव्हतं. पहिल्या दिवशी चौघं आले आणि तेही कडेला बसून राहिले. मंजुळाबाईनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मोट सोडली, नाड्याला गोणपाटाची झोळी बांधली आणि स्वतः खाली उतरून दगड भरायला लागली. वर बैल कोण हाकणार? लाख्या-मोऱ्याला तिच्याशिवाय कुणाचा आवाज कळत नव्हता. मग ती सात पुरुष खालून वरडायची, "हैक, लाख्या, मुडद्या, चल!" आणि वर धावेवर बैल चालायला लागायचे. हे बघून चौघांना लाज वाटली की गंमत, देव जाणे. एकानं वर आलेली झोळी रिती केली, बाकीचे खाली उतरले. तिसऱ्या दिवशी अठरा माणसं झाली आणि झुणका पुरेना, तेव्हा बायांनी आपापल्या भाकरी आणल्या. बद्रीनाथ आला नाही. तो मोमिनाबादला गेला होता.

सतरा दिवसांत मलबा निघाला. सरकारनं पाठवलेल्या राधाकिशन गवंड्यानं चुना मळून उगवतीची बाजू चढवायला घेतली. हात चांगला होता त्याचा, दगडाला दगड असा बसवायचा की मधे सुई शिरू नये. सगळं झालं, फक्त पाणी नव्हतं. तळाला ओल होती, तीही पायाला लागेल एवढीच. ढासळताना खालचा खडक सरकून झऱ्याच्या तोंडावर बसला होता. होळीला पाच दिवस राहिले.

"सुरुंग लावावा लागंल," राधाकिशन म्हणाला. "पर कुठं लावायचा? चुकीच्या जागी लावला तर माजं नवं काम बी खाली येईल. मधोमध लावतो, धोका कमी."

"मधी न्हाई," मंजुळाबाई म्हणाली. "उत्तरेच्या कोपऱ्यात."

"कशावरनं?"

"वैशाखात पाणी खाली गेलं की चिमण्या त्याच कोपऱ्यातल्या कपारीला चोच लावायला यायच्या. धा वर्सं बगते मी. चिमणी कोरड्या दगडाला चोच लावत न्हाई."

राधाकिशननं वर उभ्या असलेल्या माणसांकडं बघितलं. कुणीतरी दबक्या आवाजात म्हणलं, "बावळी सांगती म्हणून सुरुंग लावायचा का?"

"बावळी सांगती म्हणूनच लावा," केशरबाई कठड्याशी बसल्या बसल्या कडाडली. "शान्यांनी सांगितलं तवा काय झालं ते बघितलंय की!"

भोक पाडलं, दारू ठासली, वात लावली. सगळे बांधापलीकडं पळाले. केशरबाईला धुळाजीनं पाठीवर घेतलं, ती त्याच्या पाठीवरूनच कान देऊन होती. धडाका झाला, धुरळा उडाला, शिवारातले कावळे उठले. मग शांत. कुणी पुढं होईना. मंजुळाबाई गेली. राधाकिशनची भिंत जागच्या जागी होती. खाली उत्तरेच्या कोपऱ्यात काळ्या दगडातून मनगटाएवढी धार फेकली जात होती.

तिनं हाक मारली नाही. नुसता हात वर केला.

होळीच्या दुसऱ्या दिवशी गिरदावर साहेब आला. बरोबर नकाशेवाले दोघं, त्यांच्या माणसांच्या खांद्यावर मोजणीची लोखंडी साखळी. हिरीवर गाव जमलेलं, ह्यावेळी प्रत्येकानं चिखलाचे पाय मुद्दाम न धुता ठेवलेले. आणि बद्रीनाथही उभा, हातात अर्जी. वडिलांच्या नावची जमीन, आपण वारस, बाईचं नाव चुकून लागलं.

साहेबानं अर्जी वाचली. मग आपल्या दप्तरातून जुना कागद काढला आणि बद्रीनाथाच्या नाकापुढं धरला.

"ये दस्तखत किस का है?"

"माजंच, साहेब. पर मला वाटलं..."

"क्या लगा?"

आता काय सांगणार? वहिनीला येड्याच्या दवाखान्यात धाडायचं होतं असं सांगणार? का उर्दू येत नव्हतं असं सांगणार? गावासमोर दोन्हीतलं कुठलं सांगायचं हे बद्रीनाथाला ठरवता येईना. साहेबानं अर्जी परत केली.

नकाशेवाल्यांनी साखळी ताणली. टेसनापासून सरळ रेघ आखत ते मंजुळाबाईच्या बांधापर्यंत आले आणि थांबले, कारण पुढं पाटातून पाणी खळखळ चाललं होतं. धावेवर मंजुळाबाई नाड्यावर बसलेली, बैल उतरत होते, मोट थारोळ्यात आपटत होती. हुलगे उपटून तिनं चार दिवसांपूर्वीच वाफे पाडले होते आणि त्यात वांग्याची रोपं उभी केली होती, वीतभर उंचीची. गिरदावर साहेबानं हिरीत वाकून बघितलं, काठी बुडवली, काठीवरचं पाणी बघितलं.

"बागायत," तो म्हणाला आणि लिहिलं.

नकाशेवाला कुरकुरला. "साहेब, रास्ता सीधा जाना था."

"अब टेढा जाएगा."

साखळी उचलली गेली. बांधाच्या कडेकडेनं, मंजुळाबाईच्या रानाला वळसा घालून, पलीकडं निघाली. सगळं गाव बघत होतं. निजाम सरकारची लोखंडी साखळी वांग्याच्या रानाला वळसा घालताना कुणी कधी बघितली नव्हती. मग साहेबाभोवती गराडा पडला, धोंडीराम आपल्या कठड्याचं सांगायला लागला, बाकीचे भेगांचं. साहेबानं सहाही हिरी लिहून घेतल्या. ह्यावेळी कागद स्वतःच लिहिला.

बद्रीनाथ बांधावर एकटाच उभा होता. मंजुळाबाईनं मोट थांबवली आणि त्याच्याकडं आली.

"भावजी, तुमच्या मुरमालाबी पाट काढून देते. हिरीत पाणी हाय तेवढं. पर सांजची मोट तुमी हाकायची."

"मला जमत न्हाई मोट."

"मलाबी जमत नव्हती."

त्या उन्हाळ्यात बद्रीनाथ नाड्यावर बसायला शिकताना दोनदा चिखलात पडलेला गावानं बघितला, आणि लाख्या-मोऱ्यांनी त्याचा आवाज कधीच मानला नाही. दरवेळी मंजुळाबाईला घरातून वरडावं लागायचं.

आगगाडी आली. वखारी झाल्या, धर्मशाळा झाली, परळी गावाच्या वेशीपर्यंत येऊन टेकली. टेसनाचा रस्ता मात्र त्या साडेतीन एकराशी येऊन एकदम वाकडा व्हायचा. पोत्यांनी लादलेल्या गाड्यांना तिथं लांब वळसा पडायचा, बैल घामाघूम व्हायचे, गाडीवान शिव्या घालायचे. "कोण बावळ्यानं आखलाय हा रस्ता?" धावेवरून उत्तर यायचं, सगळ्या टेसनाला ऐकू जाईल असं.

"मी आखलाय! घाला वळसा, मरत न्हाई कुणी!"